कर्करोगाचा भास देणाऱ्या साध्या गाठी: बायोप्सीच्या आधीपासून दुसऱ्या मतापर्यंत

कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, कातडीखाली एक गाठ उठते. तीन आठवड्यांत ती दोन सेंटीमीटरची होते, दाबली तर थोडी दुखते. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लांबट पेशींची दाट गर्दी आणि जागोजागी विभागत असलेल्या पेशी. हे वर्णन सार्कोमाचं, म्हणजे स्नायू, चरबी, तंतू अशा ऊतींच्या कर्करोगाचं असू शकतं. आणि ते नोड्युलर फॅसिआयटिसचंही असू शकतं, जी गाठ पुष्कळदा आपली आपणच विरून जाते. १९५५ मध्ये या वाढीचं पहिलं वर्णन छापून आलं, तेव्हा तिला दिलेल्या नावातच ‘सार्कोमाचा आभास देणारी’ असा शब्द होता. म्हणजे ओळख झाली त्या दिवसापासून तिची फसवण्याची ताकद ठाऊक आहे, तरी ती अजूनही फसवते.

अशा वाढी शरीरात जवळपास सगळीकडे होतात. काही जखमेला, जंतूंना किंवा हार्मोनला शरीराने दिलेलं उत्तर असतात. काही म्हणजे जागा चुकलेली साधी ऊती. काही खऱ्याखुऱ्या गाठी असतात, पण सौम्य. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, त्यांना कर्करोग समजला, तर नको ती शस्त्रक्रिया, नको ती केमोथेरपी, कधी हातपाय गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

मला या सगळ्यात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पॅथॉलॉजिस्टकडे माणूस जात नाही. जातो एक छोटा तुकडा, आणि त्याच्यासोबत एक फॉर्म. तो फॉर्म कोरा असेल, तर उत्तम नजरेचा तज्ज्ञही अर्धवट माहितीवर निदान करत असतो. फॉर्म भरण्यात रुग्ण आणि नातेवाईक खूप मोठी मदत करू शकतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिली पायरी: गाठीची हकीकत लिहून द्या

तुकडा काढण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर लिहा: गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली, किती दिवसांत किती वाढली, दुखते का, मध्ये कधी लहान झाली का. डॉक्टरांना तो कागद द्या आणि यातलं महत्त्वाचं तपासणीच्या फॉर्मवर लिहायला सांगा. ‘गाठ, दंड’ एवढंच लिहिलेला फॉर्म पुरेसा नसतो.

मग पुढच्या गोष्टी आठवा. यातली प्रत्येक गोष्ट निदान फिरवू शकते.

मार लागला होता का? मांडीला किंवा दंडाला जोराचा मार बसला की स्नायूच्या आत कधी कधी हाड तयार होऊ लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याच्या मध्यभागातून तुकडा घेतला, तर कोवळ्या, वेगाने वाढणाऱ्या पेशी आणि अर्धवट घडलेलं हाड दिसतं, आणि हाडाच्या कर्करोगाचा, ऑस्टिओसार्कोमाचा, संशय येतो. सगळ्यांनाच मार आठवतो असं नाही. पण आठवत असेल तर तो तारखेसह फॉर्मवर यायला हवा. जुळत आलेल्या फ्रॅक्चरभोवतीच्या नव्या हाडाचंही तसंच.

त्या जागी आधी शस्त्रक्रिया झाली होती का? मूत्राशय, प्रोस्टेट किंवा योनिमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत त्याच जागी लांबट पेशींची गाठ येऊ शकते आणि ती सार्कोमासारखी दिसते. ती नुसती जखम भरण्याची अतिउत्साही धडपड असते. खडे, जळजळ किंवा शस्त्रक्रियेने दुखावलेल्या मूत्राशयात नेफ्रोजेनिक ॲडेनोमा नावाची वाढ होते. तिच्यातल्या बारीक नळ्या कर्करोगाच्या ग्रंथींसारख्या दिसतात. दुसऱ्याची किडनी बसवलेल्या रुग्णांमधली अशी वाढ तपासून २००२ मध्ये दाखवलं गेलं, की या पेशी दात्याच्या किडनीतून सुटून आलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या नळ्यांमधल्या पेशी लघवीबरोबर खाली येतात आणि दुखावलेल्या अस्तरावर रुजतात. ‘आधी ऑपरेशन झालं आहे’ हे चार शब्द फॉर्मवर असले, तर पॅथॉलॉजिस्टला हा विचार सुचायला वेळ लागत नाही.

खूप जुना अपघातही सांगा. प्लीहा फुटली असेल, तर तिचे कण पोटात विखुरतात, रुजतात आणि वर्षानुवर्षांनी स्कॅनमध्ये पसरलेल्या कर्करोगासारख्या गाठी दिसतात. उष्णतेने किंचित दुखावलेल्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी खूण लावून स्कॅन केला, की त्या पेशी प्लीहेच्या ऊतीत गोळा होतात. बऱ्याचदा पोट न उघडताच उत्तर मिळतं. मात्र अपघात कुणी सांगितलाच नाही, तर हा स्कॅन करावा असं कुणाला सुचणार?

औषधं कोणती चालू आहेत? फिट्ससाठी दिलं जाणारं फेनिटॉइन काही जणांच्या लसिका ग्रंथी इतक्या सुजवतं, की लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, शंका येते. गुप्तांगावरच्या चामखिळीला पोडोफायलिन लावल्यावर लगेच तुकडा घेतला, तर पेशी विभाजनाच्या मधेच अडकलेल्या सापडतात आणि चित्र भयंकर दिसतं. पूर्वी रेडिएशन घेतलं असेल, तर त्या भागातल्या पेशींची केंद्रकं वर्षांनंतरही मोठी आणि वेडीवाकडी राहू शकतात.

गर्भधारणा आहे का, असण्याची शक्यता आहे का, नुकताच गर्भपात झाला का? गर्भाच्या हार्मोनमुळे गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी फुगतात आणि त्यांची केंद्रकं मोठी व काळपट होतात. पेरूचे पॅथॉलॉजिस्ट हावियर एरियस-स्टेला यांनी १९५४ मध्ये हे बदल सांगितले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. क्लिअर सेल कार्सिनोमा या कर्करोगाशी त्यांचं साम्य आहे. पाळीची शेवटची तारीख म्हणूनच विचारली जाते. लाजून किंवा विसरून ती जागा कोरी ठेवू नका.

तोंडातल्या टाळूवर व्रण असेल, तर त्याआधी दाताचं इंजेक्शन, नीट न बसणारी कवळी, भाजणं किंवा धूम्रपान यांबद्दल सांगा. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेशिया हा लाळग्रंथींचा आजार रक्तपुरवठा तुटल्याने होतो असं मानतात. १९७३ मध्ये तो प्रथम वेगळा ओळखला गेला. दिसायला तोंडाच्या कर्करोगासारखा, पण साधारण सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरून येतो.

मानेत गाठी आणि सोबत ताप, हे तरुण माणसात, विशेषतः तरुण स्त्रीत असेल, तर तापाचे दिवस मोजून लिहा. किकुची आजार जपानमध्ये १९७२ साली किकुची आणि फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे वर्णन केला. त्यात लसिका ग्रंथीचे भाग मरतात, भोवती मोठ्या पेशी जमतात आणि लिम्फोमा वाटतो. सहसा एक ते चार महिन्यांत तो बरा होतो. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापातही ग्रंथींमध्ये हॉजकिन लिम्फोमासारख्या पेशी सापडतात. क्षयाचा इतिहास असेल तर तोही सांगा.

दुसरी पायरी: आधी चित्र, मग सुई

एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय यांतलं जे लागणार असेल ते शक्यतो तुकडा घेण्याआधी करून घ्या. बायोप्सीनंतर रक्त साकळतं, सूज येते आणि चित्र गढूळ होतं.

मायोसायटिस ऑसिफिकन्समध्ये तर साधा एक्स-रे हीच खरी किल्ली आहे. पहिले दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. मग गाठीच्या कडेने कॅल्शियमची रेघ उमटते आणि पुढच्या आठवड्यांत ती भरत जाते. पक्कं हाड बाहेर, कोवळा भाग आत. ऑस्टिओसार्कोमात बहुधा याच्या उलट असतं. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट लॉरेन ॲकरमन यांनी १९५८ मध्ये हा थरांचा क्रम निदानासाठी पुढे आणला आणि तो अजून तितकाच उपयोगी आहे. मार नक्की लागला असेल आणि इतर काही धोक्याचं नसेल, तर डॉक्टर दोन-तीन आठवडे थांबून दुसरा एक्स-रे काढायला सांगू शकतात. ते थांबणं हीच इथे तपासणी असते.

पण गाठ खोल असेल, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा सतत वाढत असेल, तर नियम बदलतो. ती सार्कोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत सार्कोमा धरूनच चालायचं. तुकडाही जिथे पुढची शस्त्रक्रिया होऊ शकते, तिथल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यायचा.

तिसरी पायरी: तुकडा कुठून आणि किती

बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी, जिला आपण एफएनएसी म्हणतो, सोपी आणि स्वस्त आहे. पण तिच्यात सुट्या पेशी मिळतात, रचना मिळत नाही. इथे ज्या वाढींबद्दल बोलतो आहोत, त्यांचं निदान तर रचनेवरच होतं. म्हणून अशा गाठीत फक्त एफएनएसीच्या आधारावर मोठी शस्त्रक्रिया ठरत असेल, तर ‘जाड सुईची बायोप्सी करता येईल का?’ असं जरूर विचारा. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून केलेल्या झटपट तपासणीतही पेशींचा आकार बिघडतो.

तोंडातल्या किंवा कातडीवरच्या व्रणात वरवरचा तुकडा हमखास गोंधळ घालतो. क्षय, बुरशी किंवा जिभेतली ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही सौम्य गाठ खाली असेल, तर वरची त्वचा जाड होऊन मुळांसारखी आत घुसते. एवढाच वरचा भाग काचेवर आला तर स्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या किंवा तोंडाच्या वरच्या थराचा कर्करोग, वाटतो. खरं कारण खालच्या थरात असतं, तिथपर्यंत तुकडा पोचायला हवा.

तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा, सलाइनमध्ये नाही, आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. हे काम दवाखान्याचं आहे, पण तुकडा तुम्हीच लॅबमध्ये नेणार असाल, तर बाटलीवरचं नाव, कोणत्या बाजूची गाठ आणि वेळ हे तीन तपशील तिथल्या तिथे तपासा.

काचेखाली काय चालतं

रुग्णाला हे समजलं की रिपोर्ट कळतो, आणि नव्याने शिकणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही हा क्रम उपयोगी पडेल.

आधी कमी भिंगातून पाहायचं. घाईने मोठ्या भिंगाकडे गेलं की प्रत्येक मोठं केंद्रक भीतीदायक वाटतं. कमी भिंगातून रचना दिसते: कडा कशी आहे, मध्यापासून कडेपर्यंत पेशी पिकत जातात का, मूळच्या ग्रंथींचे पुंजके शाबूत आहेत का. सायलोमेटाप्लेशियामध्ये लाळग्रंथींची पुंजक्यांची मांडणी टिकून असते, कर्करोग ती मोडतो. स्तनातल्या स्क्लेरोझिंग ॲडेनोसिस या साध्या वाढीत दाबल्या गेलेल्या नळ्या कर्करोगासारख्या दिसतात, पण त्यांचा पुंजका गोलसर आणि आवरलेला असतो. शिरेत साकळलेलं रक्त विरघळताना पापुद्र्यांसारखी वाढ होते. फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट पिएर मॅसन यांनी १९२३ मध्ये ती वर्णन केली. रक्तवाहिनीच्या कर्करोगाशी तिचं साम्य आहे, पण ती सहसा रक्तवाहिनीच्या पोकळीतच राहते. ही सीमा मोठ्या भिंगातून हातची निसटते.

नंतर विभाजन. किती पेशी विभागताहेत यापेक्षा त्या कशा विभागताहेत हे मोलाचं. नोड्युलर फॅसिआयटिसमध्ये विभाजनं पुष्कळ असतात, पण सरळ, दोन टोकांची. तीन टोकांचं किंवा विस्कटलेलं विभाजन दिसलं की साध्या वाढीचा विचार बाजूला ठेवावा लागतो. सैलसर, विरळ बांधणी आणि पेशींमध्ये सांडलेल्या तांबड्या पेशी या नोड्युलर फॅसिआयटिसच्या आणखी खुणा. माझ्या मते या गाठीने पॅथॉलॉजिस्टना शिकवलेला सर्वांत मोठा धडा हाच, की वेग म्हणजे दुष्टपणा नव्हे. आठवड्यांत उठलेली गाठ पाहून सगळे घाबरतात. पण काही आठवड्यांत दोन सेंटीमीटरवर येऊन थांबलेली वरवरची गाठ आणि महिनोन् महिने गुपचूप वाढत राहिलेली खोल गाठ यांत मला दुसरीची धास्ती जास्त वाटते.

पेशींच्या आकारालाही संदर्भ लागतो. रेडिएशनने मोठ्या झालेल्या पेशीत केंद्रकाबरोबर पेशीही फुगते, म्हणजे प्रमाण साधारण तेच राहतं. प्रोस्टेटच्या बायोप्सीत चुकून शेजारच्या शुक्राशयाचा (वीर्याच्या पिशवीचा) तुकडा आला, तर तिथली मोठी, विचित्र केंद्रकं घाबरवतात. पण त्याच पेशींत सोनेरी-तपकिरी रंगद्रव्याचे कण असतात. ते दिसले की जीव भांड्यात पडतो.

खास रंग आणि जनुकं

शंका उरली की आयएचसी, म्हणजे विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी करतात. स्तनातल्या साध्या नळ्यांभोवती मायोएपिथेलियल पेशींचा बाहेरचा थर असतो, घुसखोर कर्करोगात तो नसतो. पी-६३ सारख्या रंगाने हा थर दिसतो. प्रोस्टेटमध्ये तळपेशींचा थर त्याच तत्त्वाने तपासतात. पण एका रंगावर विसंबू नये. स्तनातलीच मायक्रोग्लँड्युलर ॲडेनोसिस ही साधी वाढ अशी आहे, की तिच्यात हा बाहेरचा थर नसतोच. जंतूंसाठी वेगळे रंग असतात: क्षयासाठी झील-नील्सन, बुरशीसाठी पीएएस आणि चांदीचा रंग. त्वचा कारणाशिवाय जाड झालेली दिसली, तर हे रंग मागायलाच हवेत.

स्वादुपिंडात आयजीजी-४ आजाराची (आयजीजी-४ हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी जमून होणाऱ्या आजाराची) गाठ कर्करोगासारखीच कावीळ करते आणि स्टेरॉइडने आटोक्यात येऊ शकते. पण कर्करोगाच्या आसपासही आयजीजी-४ पेशी जमतात. नुसत्या पेशी मोजून तिचं निदान होत नाही, तंतूंची भोवऱ्यासारखी रचना आणि बुजलेल्या शिरा शोधाव्या लागतात.

जनुकांनी तर जुनी समजूतच हलवली. नोड्युलर फॅसिआयटिस म्हणजे नुसती प्रतिक्रिया असं अनेक दशकं मानलं जात होतं. २०११ मध्ये दिसलं, की तिच्यात यूएसपी-६ हे जनुक दुसऱ्या जनुकाला, बहुधा एमवायएच-९ ला, जोडलेलं असतं. म्हणजे ती खरी गाठच आहे, फक्त आपणहून थांबणारी. मायोसायटिस ऑसिफिकन्सच्या अनेक गाठींतही यूएसपी-६ची जोडणी सापडते, म्हणून ऑस्टिओसार्कोमाशी गल्लत होत असेल तिथे ही तपासणी मदतीला येते. जोडणी सापडली नाही म्हणून निदान चुकलं, असं मात्र ठरत नाही.

रिपोर्टातले शब्द कसे वाचायचे

‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे शरीराची प्रतिक्रिया. ‘ॲटिपिकल’ म्हणजे नेहमीसारखं नाही. हा शब्द कर्करोगाचा समानार्थी नाही. ‘सस्पिशियस’ किंवा ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असेल, तर पॅथॉलॉजिस्ट ठामपणे सांगत नाहीये, आणि ते प्रामाणिक आहे. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे दार उघडं आहे, बहुधा आणखी ऊती हवी. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ वाचून पुष्कळ जण पुढे जातात. तिथेच थांबा. त्याचा अर्थ, काचेवरचं चित्र आणि माणसाची हकीकत जुळते का ते बघा.

तुमच्या डॉक्टरांना हे सरळ विचारा: ‘वय, जागा, वेग, स्कॅन आणि रिपोर्ट या सगळ्यांचा मेळ बसतो का? एखादी गोष्ट बसत नसेल तर कोणती?’

दुसरं मत घेताना

अवयव काढणं, हातपाय काढणं किंवा केमोथेरपी ठरत असेल आणि निदानात ‘असावं’, ‘वाटतं’ असे शब्द असतील, किंवा रिपोर्ट शरीराशी जुळत नसेल, तर दुसरं मत घ्या. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. कठीण स्लाइड पॅथॉलॉजिस्ट स्वतःच एकमेकांना दाखवतात.

नुसता कागदी रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. मूळ स्लाइड आणि मेणात बसवलेल्या तुकड्याचा ब्लॉक मागा. ब्लॉक मिळाला की नवे रंग, जनुकांची तपासणी हे सगळं करता येतं. किती स्लाइड आणि किती ब्लॉक घेतले, त्यांचे क्रमांक काय, हे लिहून सही घ्या आणि परत करताना तेवढेच परत करा. सोबत स्कॅन आणि पहिल्या पायरीतला तुमचा कागद द्या. शक्यतो त्या अवयवाचं विशेष काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जा: हाडासाठी हाडाचे, लसिका ग्रंथींसाठी लिम्फोमाचे. तुकडा लहान असेल तर ब्लॉक तपासण्यांतच संपू शकतो, म्हणून कोणती तपासणी आधी करायची ते ठरवून घ्या. यासाठी किती दिवस थांबणं सुरक्षित आहे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवा. वेगाने पसरणाऱ्या लिम्फोमाची दाट शंका असेल, तर तिथे आठवडे घालवता येत नाहीत.

वाट बघायची ठरली, तर

साधी वाढ आहे असं ठरलं, म्हणजे विसरून जायचं असं नाही. चूक उलट्या बाजूनेही होते. मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा, एक प्रकार भरलेल्या जखमेतल्या तंतूंसारखा दिसतो, स्तनाचा एक दुर्मिळ कर्करोग साध्या तंतूंच्या वाढीचं रूप घेतो, आणि तोंडातला व्हेरुकस कार्सिनोमा वरवरच्या तुकड्यात निव्वळ जाड झालेली त्वचा वाटतो.

म्हणून पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या. गाठ दर वेळी त्याच स्थितीत, त्याच दिशेने मोजा. पट्टी शेजारी धरून फोटो काढा. टाळूवरचा व्रण दहा आठवड्यांत भरला नाही, तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. किकुची आजार झालेल्यांपैकी काहींना पुढे ल्यूपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, होतो, त्यामुळे गाठी गेल्यावरही डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं. आणि नोड्युलर फॅसिआयटिस काढल्यावर परत येणं इतकं दुर्मिळ आहे, की तीच गाठ त्याच जागी पुन्हा आली, तर संशय जुन्या निदानावर घ्यायचा. अशा वेळी जुन्या स्लाइड लॅबमधून काढून घ्या आणि नव्या तुकड्यासोबत एकाच पॅथॉलॉजिस्टकडून, शेजारी शेजारी ठेवून पाहून घ्या.